शाळेच्या माळवदावरची माती

सोयगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथली जुनी शाळा निजामाच्या काळातली: दगडी भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचं माळवद. नवी इमारत झाल्यावर हिला कुलूप लागलं, पण द्वारकाबाईंचा हक्क सुटला नाही. त्यांचे मालक सांडूभाऊ तिथे शिपाई होते. ते गेल्यावरही बाई रोज शाळेचा ओटा झाडत, आणि कुणी ओट्यावर पत्ते मांडले की झाडूसकट अंगावर जात.

दर उन्हाळ्यात त्या घरोघर फिरायच्या. "शाळेवर पांढरी टाकायची हाय. पाटी पाठवा." पांढरी म्हणजे पडक्या गढीची चिकट माती, ती माळवदावर पसरून चोपली की पावसाचं पाणी आत येत नाही. घरात लग्न असो की सुतक, मातीनं भरलेली पाटी यायचीच. जब्बार मिस्त्रींच्या बायकोची, फहमिदाआपांची, सगळ्यात आधी, कारण त्यांना बाईंचं बोलणं ऐकायचं नसे. शाळा बंद झाली तरी हे थांबलं नाही. बाईंच्या स्वतःच्या घरात पावसाळ्यात पातेली मांडावी लागत. शाळेत थेंब पडला नाही.

यंदा गावानं ठरवलं, शाळा पाडायची नाही. दुरुस्त करून पोरींना अभ्यासिका आणि बचत गटाला जागा करायची. मेहनत गावाची, देखरेख उजमाची. उजमा ही मिस्त्रींची मुलगी, शहरात इंजिनिअर आहे. ती वर चढली, पहारीनं माती उकरली, आणि उकरतच राहिली. खाली आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"मावशी, जुनी माती कुणी काढलीच नाही, नुसती टाकत गेले. त्या ओझ्यानं तुळई वाकलीय. हे मधलं दार त्यानंच जाम झालंय."

दोन वर्गांमधलं ते दार कित्येक वर्षं उघडत नव्हतं. बाईंना वाटायचं, बिजागऱ्या गंजल्या.

"माती उतरवल्यावर तुळई वर आली तर दार उघडेल आणि शाळा राहील," उजमा म्हणाली. "नाहीच आली, तर पाडावी लागेल."

गावातल्या टवाळ बन्सीनं संधी सोडली नाही. "म्हंजे काकू, शाळा तुम्हीच दाबली म्हना की!"

लोक हसले. बाई नाही हसल्या. दुसऱ्या सकाळी ओटा झाडलेला नव्हता, आणि तो रोज झाडला जात होता हे गावाला तेव्हा कळलं.

माती उतरवायच्या दिवशी सगळे फावडी घेऊन वर चढले आणि नुसते उभे राहिले. आमच्याकडे माळवदाची माती उतरवतात ती घर मोडायचं असेल तेव्हाच. पहिलं फावडं कुणी मारायचं? बन्सीसुद्धा तंबाखू मळत बसला.

तेवढ्यात शिडीवर द्वारकाबाई दिसल्या, लुगडं खोचलेलं. जब्बार मिस्त्री ओरडले, "भाभी, उतरो नीचे! हाड मोडंल!"

"म्या चढवली, म्याच उतरवते. व्हा बाजूला."

पहिली पाटी त्यांनी भरली. मग गाव तुटून पडलं.

दुपारी एका कडेला मातीचा उभा काप दिसू लागला, आणि फावडी आपोआप थांबली. मी तसं काही कधी पाहिलं नव्हतं. थरावर थर, कुठला पांढुरका, कुठला पिवळट, पोळीचे पदर सुटावेत तसे. एकातून काचेच्या बांगडीचा तुकडा डोकावत होता, एकातून गोटी. बाई बोट लावून सांगत होत्या.

"ह्यो पातळ, दुष्काळातला. मानसं खडी फोडायला गेलती, पाटी कोन आननार? ह्यो जाड, उजमा झाली तवाचा. फहमिदानं खुशीत जास्तीची टाकली."

"माझं लगीन झालं तो कंचा, काकू?" मागून सुरेखानं विचारलं.

मग प्रत्येकीला आपला थर हवा होता. उजमानं आपल्या थरावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. गटाराच्या उतारावरूनही ज्याचं कधी एकमत झालं नाही, त्या गावानं दरसाल डोक्यावरून एवढं वर वाहून नेलं होतं, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पुढचे काही दिवस ट्रॅक्टर भरभरून माती शेतांत जात राहिली. शेवटचा थर निघत होता तेव्हा खालून आवाज आला, लांबलचक, कण्हल्यासारखा. वरचे सगळे जागच्या जागी थिजले.

बाई खाली चहा गाळत होत्या. गाळणी टाकून त्या मधल्या दाराशी गेल्या आणि जुन्या सवयीनं खांदा लावून सगळ्या जोरानं रेटलं. दार अडलंच नाही. बाई त्या जोरात थेट तिसरीच्या वर्गात जाऊन धुळीत बसल्या.

आम्ही धावत आत गेलो. "काकू, लागलं का वो?" बन्सी घाबरून म्हणाला.

बाई वर बघत होत्या. तुळई अजून जराशी वाकडीच होती, म्हातारीच्या पाठीसारखी, पण चौकटीवरून उठली होती. मधल्या फटीतून उजेडाची बारीक रेघ आत येत होती. उजमानं त्या फटीत बोटं घातली आणि बापाकडे बघून मान डोलावली. मिस्त्रींनी टोपी काढली.

बाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला.

"बघत काय ऱ्हायला, बन्सी?" त्या म्हणाल्या. "झाडू आन."