म्हशींच्या वाटेवरची माती

खरे साहेबांनी पेनचं टोपण काढलं होतं. समोर पठार चराईला कायमचं बंद करण्याचा आदेश होता. त्याला जोडलेला मातीचा रिपोर्ट माझा होता, आणि तो चुकलेला आहे हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं.

"साहेब, सही करण्याआधी जरा ऐकता का?" मी म्हणालो. 

थोडं मागचं सांगायला हवं. ग्वाल्हेर आणि इंदूर ही संस्थानं नुकतीच मध्यभारतात एकत्र आली होती. दोन्हीकडची सरकारी खातीही एक होत होती. दोन माणसांपैकी एकच ठेवायचा, अशा याद्या बनत होत्या. आमचं शेतकी ऑफिस ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजमध्ये, साहेब इंदूरचे आणि मी इथलाच, टेम्पररी. आमच्या घरात सगळे घोडदळातले, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शेतकीची डिग्री मिळाली तेव्हा वडिलांनी दाना ओली बाजारातल्या शिंप्याकडून मला पँट शिवून दिली. ऑफिसला घालायला तेवढी एकच होती.

शहराबाहेर डोंगरावरचं ते पठार पूर्वी संस्थानच्या घोड्यांसाठी राखलेलं असे. दसऱ्यानंतर गवत कापून झालं की गुर्जर गुराख्यांच्या म्हशींना आत सोडत, पण आळीपाळीनं. यंदा हा भाग, पुढच्या वर्षी तो, बाकीच्याला विसावा. संस्थान गेलं, घोडे गेले, गवत कापणारेही गेले. चराईनं जमीन बिघडते आहे का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं.

मी बारा नमुने आणले. माती दगडासारखी घट्ट निघाली. सेंद्रिय अंश, म्हणजे कुजलेल्या मुळापानांचा भाग, ज्यामुळे माती भुसभुशीत राहते, तो जवळजवळ नव्हताच. मी लिहिलं, चराईमुळे माती निकामी झाली आहे. लगेच आदेश टाइप झाला, आणि लोकांना आधी तोंडी सांगून ये म्हणून मलाच पठारावर पाठवलं.

तिथल्या गुराख्यांचे मुखिया हरबिलास. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबूजी, मट्टी कहाँ से खोदी?"

मी जागा दाखवल्या. त्यांची सून शेजारी म्हैस बांधत होती, ती पदराआडून हसली.

"जे तो भैंसन की गैल है," हरबिलास म्हणाले. म्हणजे म्हशींची पाण्यावर जायची वाट. "रोज दो बेर याही पै चलत हैं. अपने आँगन की खोद लो, वामें भी घास नाहीं मिलेगी."

"घास में काहे नहीं गए?" सुनेनं विचारलं.

खरं कारण मला सांगवेना. पठारावर कमरेएवढं कुसळी गवत होतं. कुसळ कापडात शिरलं की सुईसारखं आत सरकत जातं. मी पँट सांभाळत वाटेवाटेनंच फिरलो होतो. बाराही नमुने वाटेवरचे होते.

"बंद हुआ तो हम चंबल पार चले जाएँगे," हरबिलास म्हणाले. "और कहाँ चराएँ?"

दुसऱ्या दिवशी सहीच्या वेळी साहेबांना मी हे सगळं सांगितलं. पँटीसकट.

"जाधव, तुमच्या ग्वाल्हेरात माती काय पँटीला विचारून काढतात?"

पलीकडच्या टेबलावरून बडे बाबू, म्हणजे आमचे ग्वाल्हेरचे हेडक्लार्क, म्हणाले, "इंदौर वाले तो साहब, जीप से उतरते ही नहीं."

साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "यादी या आठवड्यात वर जाणार आहे, माहीत आहे ना? चूक झाली हे लिहून द्याल?"

"लिहून आणलंय, साहेब."

त्यांनी कागद दोनदा वाचला आणि टोपण परत लावलं. "उद्या मीही येतो. धोतर नेसून या."

पठारावरची परीक्षा साधी होती. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोकायचा, त्यात लोटाभर पाणी ओतायचं आणि घड्याळ बघायचं. पाणी लवकर मुरलं तर माती मोकळी आहे, मुळं आणि किडे खाली काम करताहेत. जागा मी निवडायच्या नाहीत, असं साहेबांनी बजावलं. ते पाठ फिरवून दगड फेकत आणि तो पडेल तिथे मी डबा ठोकत असे.

वाटेवर पाणी उभं राहिलं. साहेबांची सिगारेट संपली तरी ते हललं नाही. जुन्या कुंपणात, जिथे कधी गुरं गेलीच नव्हती, तिथे बघता बघता मुरलं. प्रश्न तिसऱ्या जागेचा होता, जिथे म्हशी चरून गेल्या होत्या आणि मग जमिनीला विसावा मिळाला होता.

साहेबांनी लोटा माझ्या हातून घेतला. पाणी मुरलं. कुंपणाइतकं झपाट्यानं नाही, पण फारसा फरक नव्हता.

"परत," ते म्हणाले. आम्ही दुपारपर्यंत दगड फेकत होतो. प्रत्येक वेळी तेच झालं.

"म्हणजे म्हशी नडत नाहीत," साहेब म्हणाले. "रोज त्याच जागी गेल्या तर नडतात."

"जे तो हम कब से कह रहे," हरबिलास म्हणाले.

जुना आदेश फाडला गेला. आळीपाळीचा क्रम हरबिलासनी सांगितला, मी लिहिला, साहेबांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर सही केली. पाण्यावर जायच्या वाटाही दर हंगामात बदलायच्या ठरल्या. कोणाला चंबळ ओलांडावी लागली नाही.

नोकरीत ठेवायच्या यादीत माझं नाव आलं. नावापुढे साहेबांचा शेरा होता, स्वतःची चूक स्वतः कळवतो. बडे बाबू चष्मा पुसत म्हणाले, "ये तारीफ़ है कि शिकायत?"

पुढे नोकरीभर नमुन्याच्या प्रत्येक पिशवीवर मी दोन गोष्टी लिहिल्या. माती कुठली, आणि तिथपर्यंत मी कसा पोचलो. दुसरी गोष्ट कुठलाच फॉर्म विचारत नाही.