शिकाऊ

अकोल्यात माझा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि गेलेल्या माणसांना श्रद्धांजली. मजकूर गिऱ्हाईक सांगतं, मी छापतो. कोणाला कैलासवासी लागतं, आम्हा बौद्धांकडे कालकथित लागतं, ती चूक तेवढी होऊ द्यायची नाही, बाकी काहीही चालतं. जन्मभर भावकीत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फोडणाऱ्या माणसाच्या फोटोखाली मी 'शांततेचा पुजारी' छापलेलं आहे आणि त्या दिवशी मला जेवण नीट गेलं होतं. तेव्हा शब्दांच्या बाबतीत मी फार सोवळा आहे असं कोणी समजू नये. पण एका शब्दावरून मी निम्म्या मूर्तिजापूरशी भांडलो, आणि ते भांडण मिटवायची मला अजूनही हौस नाही.

तो शब्द म्हणजे शिकाऊ.

माझा धाकटा भाऊ फौजेत विमान चालवायचा. अमरावतीला शिकला, परीक्षा देऊन तिकडे गेला, आणि शेवटची काही वर्षं नव्या पोरांना विमान शिकवायचा. नाकावर पंखा असलेलं दोन माणसांचं विमान. पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा. आमची माय मूर्तिजापूरला राहते. ती भाजी घेताना, दळण टाकताना, विहारात बसल्या बसल्या सगळ्यांना सांगायची, "माहा लहाना विमानाचा मास्तर हाय." एखाद्याने विचारलं नाही तरी सांगायची.

त्या दिवसांत सीमेवर लढाई सुरू होती. टीव्हीवाले स्टुडिओत भोंगे वाजवत होते. माझ्या दुकानात तिरंगा आणि विमानं टाकून शुभेच्छांचे फ्लेक्स छापायला रांग लागली होती, आणि त्यावर खाली पाच-पन्नास शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. भावाचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "दादा, सुट्ट्या बंद झाल्या. सकाळ-संध्याकाळ उडनं सुरू हाय. पोट्ट्यायले लवकर तयार कराचं हाय." मी विचारलं, तुले तिकडं पाठवतील का. तो म्हणाला, "मले कायले पाठवतात? मी गेलो तं इथं शिकवन कोन?" मला केवढं हायसं वाटलं. मायला मी लगेच सांगितलं की आपला गडी लढाईपासून लांब आहे, काळजी करू नको.

त्यानंतरच्या आठवड्यात ते विमान एका शेतात पडलं. दोघेही गेले.

कशाने पडलं ते मला माहीत नाही. चौकशी चालू आहे म्हणतात. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि ते सांगतील तेव्हा सांगतील. पण आमच्याकडच्या लोकांना चौकशीची गरजच पडली नाही. टीव्हीवर खालच्या पट्टीत एक ओळ सरकून गेली, 'शिकाऊ विमान कोसळले, दोन ठार', आणि त्या ओळीतच त्यांचा निकाल लागला.

ज्या विमानात बसवून शिकवतात त्याला मराठीत शिकाऊ विमान म्हणतात. कोणत्या शहाण्याने हे काढलं कोण जाणे. विमान कधी शिकतं का? शिकाऊ डॉक्टर म्हटलं की सुई चुकीच्या जागी टोचणारा. शिकाऊ परवाना म्हटलं की कुंपणात गाडी घालणारा. मग शिकाऊ विमान पडलं म्हटल्यावर माणूस काय समजणार? आत नवखं पोरगं होतं, जमलं नाही, आपटलं. बारा वर्षं विमान चालवलेला माझा भाऊ एका विशेषणापायी नवखा झाला.

दुकानाशेजारी चहाची टपरी आहे. तिथे एक जण पेपर वाचून दुसऱ्याला सांगत होता, "लढाईत नाई गेला बे थो. शिकून राहिला होता. एवढं महागाचं विमान आपटलं राजेहो." तो मला ओळखत नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहाचा ग्लास मी कुठे मारला ते सांगत नाही. चारचौघांनी मला धरलं, आणि कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की हा सख्खा भाऊ आहे. तो हात जोडायला लागला. मला ते जोडलेले हातसुद्धा नको होते.

अंत्यसंस्काराला मूर्तिजापूर लोटलं होतं. झेंड्यात गुंडाळलेली पेटी आली, बंदुका वाजल्या, पोरांनी मोबाइल वर धरले. मायला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी विचारलं, "फ्रंटवर होता का?" दुसरा म्हणाला, "नाई न, शिकाऊ होता म्हने." पहिला नुसता "हं" म्हणाला. तो हं मी आजही ऐकतो. लग्नाला गेल्यावर जेवण संपलं असं कळल्यावर माणूस करतो, तसला हं होता तो.

भावाच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाआधी आमच्या भागातले एक पुढारी दुकानात आले. सोबत दोन कार्यकर्ते, आणि मोबाइलवर तयार मजकूर. 'शत्रूची विमाने पाडताना वीरमरण आलेल्या भूमिपुत्रास मानाचा मुजरा.' मागे टाकायला नेटवरून उचललेलं एक लढाऊ विमान. ते विमान आपल्या देशाचंही नव्हतं. आणि भावाच्या फोटोच्या दुप्पट मोठा पुढाऱ्यांचा फोटो.

मी म्हणालो, "त्याने कोनाचं विमान पाडलं नाई. तो शिकवत होता."

पुढारी समजूत घातल्यासारखे म्हणाले, "भाऊ, भावना समजून घ्या. मंग काय शिकाऊ म्हून छापाचं का? लोकायले काही तं सांगा लागन."

इथे माझा संताप खरा कुठे अडकला ते सांगतो. या लोकांकडे मेलेल्या फौजी माणसाला ठेवायला दोनच जागा होत्या. एक तर त्याने शत्रू मारलेला असला पाहिजे, नाहीतर तो चुकलेला असला पाहिजे. माझा भाऊ सकाळी उठला, ज्याला येत नव्हतं त्याला शिकवायला विमानात बसला, आणि त्या कामात मेला. लढाईला माणसं लागतात तर ती कोणीतरी शिकवून तयार करावी लागतात, एवढं साधं त्यांना कळत नव्हतं. तो जसा मेला तसा कोणालाच चालत नव्हता. मेलेल्या माणसाच्या मरणाला नावं ठेवणारी ही जात कुठून आली?

मी त्यांना बाहेर काढलं. कार्यकर्ता म्हणाला, "तुमच्याच भल्यासाठी करून राहिलो न बापा." मी म्हणालो, माझं भलं झालं, निघा.

मग मी स्वतः बसून फ्लेक्स केला. मागे विमान नाही, तिरंगा नाही. भावाचा फोटो, आणि खाली लाल ठसठशीत अक्षरात दोन वाक्यं. 'तो शिकाऊ नव्हता. तो शिकवत होता.' दहा बाय वीसचा छापला. मूर्तिजापूरच्या स्टँडसमोर लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मारायचा, असं ठरवलं होतं. इतकं बरं मला त्या महिन्यात कधीच वाटलं नव्हतं.

शाई वाळायला फ्लेक्स दुकानात टांगला होता तेव्हा माय पॅसेंजरने अकोल्याला आली. तिला दाखवायलाच मी बोलावलं होतं. तिला वाचता येतं, अक्षराला अक्षर लावून. आधी ती फोटोपुढे उभी राहिली. मग बोट फिरवत वाचलं. मला वाटलं आता रडेल, जवळ घेईल.

ती म्हणाली, "मंग शिकाऊ कोन होता?"

मी म्हणालो, "दुसरा. पुढं बसलेला पोट्टा."

"केवढा होता?"

"असन बावीस-तेवीसचा."

"त्याले माय हाय का?"

मला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत त्याचं नाव मी एकदाही धड वाचलं नव्हतं.

"तिच्या गावात लोक काय म्हनत असतीन मंग?" माय म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुह्या भावावरचा डाग तू तिच्या लेकरावर पुसून राहिला. शिकून राहिला होता तं काय गुन्हा केला त्यानं? शिकल्याबिगर कोनाले येते? तुह्या भावानं त्याले आपल्या हातानं शिकवलं, अन् तू त्याले असा रस्त्यावर टांगतं? फाड थे."

मी म्हणालो, अगं पण खरं तेच आहे ना.

"खरं असो का खोटं असो. फाड म्हटलं ना तुले."

फ्लेक्स हाताने फाटत नाही. मी कटर आणला. ती शेवटची पट्टी निघेपर्यंत तिथेच उभी होती. मला तिचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. रागात राग मिसळून काय होतं ते तेव्हा कळलं. काहीच होत नाही, नुसता घाम येतो.

तिने सांगितलं, दोघांचे फोटो लाव. भावाच्या एका सोबत्याकडून मी त्या मुलाच्या वडिलांचा नंबर मिळवला. दुसऱ्या राज्यातलं लहानसं गाव. मी फोटो मागितला. त्यांनी काही न विचारता पाठवला. वर्दीत, कान जरा बाहेर आलेले, मिशी नुकती कुठे फुटलेली. दोन फोटो शेजारी शेजारी, एकाच मापाचे. त्याखाली दोन नावं, आणि एकच ओळ, 'विमान शिकवताना आणि शिकताना'. पुढारी कार्यक्रमाला आले नाहीत. काही लोकांनी विचारलं, हा दुसरा कोण? मायने प्रत्येकाला सांगितलं, "माह्या पोराचा विद्यार्थी."

लावलेल्या फ्लेक्सचा फोटो मी त्याच्या वडिलांना पाठवला. मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून ओळीचा अर्थ हिंदीत लिहिला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. आधी त्यांनी ती ओळ हिंदीत मला वाचून दाखवली. मग म्हणाले, "यहाँ लोग कहते हैं, लड़का अनाड़ी था, अपने उस्ताद को भी ले मरा. मेरे मुँह पर कहते हैं." मी म्हणालो, लोकांच्या तोंडाला आग लागो. ते म्हणाले, "एक बात पूछूँ? आप बड़े भाई हैं, आपको मालूम होगा. आख़िर में उन्होंने मेरे बेटे को डाँटा तो नहीं होगा?"

माझा भाऊ चिडका होता. आमच्या घरात सगळेच तसे. त्याने मला फोनवर पैसे पाठवायला शिकवलं तेव्हा तीन वेळा गाढव म्हणाला होता. विमानात त्या शेवटच्या क्षणी तो काय बोलला, बोलला की नाही, हे जगात कोणालाच माहीत नाही. आणि मी तो माणूस, ज्याने एक खोटी ओळ छापायला नको म्हणून गावाशी वैर घेतलं होतं.

मी म्हणालो, "नहीं जी. मेरा भाई पढ़ाते वक़्त कभी आवाज़ ऊँची नहीं करता था."

पलीकडे ते रडायला लागले. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन, आणि कोणी मला खोटारडा म्हणालं तर त्याचंही मी बघून घेईन.