कोबीच्या कडेची मोहरी

मास्तर आयुष्यभर बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर घरामागच्या वाफ्यांतही त्यांनी तेच काम चालू ठेवलं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं ते ठरवायचं. कांद्याला गाजराजवळ जागा दिली. बटाटा आणि टोमॅटो लांब ठेवले, एकाचा रोग दुसऱ्याला नको म्हणून. औषध कधी मारलं नाही. कोबीच्या भोवती मात्र मोहरी पेरली.

"ही तुमची मोहरी नुसती मरायलाच उभी आहे," बायको एकदा म्हणाली.

"माव्याची कीड आधी तिच्यावर बसते. मग मावा खायला ते ठिपकेवाले लाल किडे येतात. तोवर कोबी सुटतो."

"आणि मोहरी?"

"तिला कोण विचारतंय!"

मग बायकोचं यकृत बिघडलं. डॉक्टरांनी बजावलं, फवारलेली भाजी अजिबात नको. गोळ्या नर्स द्यायची, सलाईन नर्स लावायची. मास्तर दिवसभर वॉर्डातल्या बाकावर बसून राहायचे. तिच्यासाठी करण्यासारखं त्यांच्या हाती एवढंच उरलं होतं, घरचा कोबी.

तिला दवाखान्यात आणलं ते शेजारच्या रंगाऱ्यानं. व्हॅनमधले रंगाचे डबे रस्त्यावर उतरवून ठेवले आणि तिला उचलून जिन्यावरून खाली आणलं. संध्याकाळी भेटायच्या वेळेला तो न चुकता यायचा. आज हातात डबा होता.

"मास्तर, तुमच्या बागेत डोकावलो. काय ती मोहरी! किडीनं नुसती काळी पडली होती. म्हटलं, मास्तर इथे अडकलेत, आपणच हात फिरवू. औषधाचा पंप आणला आणि धुऊन काढली. कोबीवरही मारलं."

"ते लाल किडे?"

"सगळे साफ! एक शिल्लक नाही."

"कधी मारलंस?"

"परवा."

समोर हा माणूस, नखांत पांढरा रंग, स्वतःवरच खूश. मास्तरांच्या रागाला धरायला कुठेच मूठ नव्हती.

रंगाऱ्यानं झाकण काढलं. "वहिनी, तुमच्याच कोबीचं सूप. मीच केलंय, तेव्हा नावं ठेवायची नाहीत."

"भाऊजी, तुम्ही कशाला एवढं..." म्हणत ती उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर भूक दिसली. तिनं हात पुढे केला.

डबा मास्तरांनी मध्येच घेतला. "सकाळपासून पोटात काही नाही माझ्या," म्हणाले आणि उभ्यानंच तोंडाला लावला. जीभ पोळली. थांबले नाहीत.

"अहो! आजारी मी आहे की तुम्ही?"

रंगारी हसत सुटला. "बघा वहिनी, हाताला चव आहे माझ्या! मास्तरांनी तळ गाठला."

"एक घोट तरी ठेवायचात मला," ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मास्तरांनी तोंड उघडलं. रंगाऱ्याकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं आणि रुमालानं ओठ पुसले.

"रुसू नका, वहिनी," रंगारी रिकामा डबा पिशवीत घालत म्हणाला. "उद्या मोठा डबा भरून आणतो. कोबी मायंदाळ आहे."