रंगाखाली बुजलेलं भोक

कारखान्याकारखान्यांतले दाबमापक तपासत फिरणाऱ्या बाईंना सगळे काटेवाल्या बाई म्हणत, कारण त्यांच्या पिशवीत कायम अचूक दाब दाखवणारा एक खात्रीचा काटा असे. घरच्यांना वाटे, हिला यंत्रांचं वेड आहे. वेड कसलं! बावीस वर्षं त्या एका माणसावर डूख धरून होत्या.

तो माणूस म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याचे मोठे साहेब. तिथल्या वाफेच्या टाकीवर बाईंचे वडील, आबा, कामाला होते. एक दिवस टाकी फुटली आणि आबांचा चेहरा भाजला. टाकीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा कमीच दिसत होता, हे आबा जीव तोडून सांगत राहिले. साहेबांनी नोंदवहीत 'कामगार झोपला होता' असं लिहून हात झटकले.

यंदा त्या कारखान्याच्या तपासणीचं काम बाईंकडे आलं. टाकी नवी होती, पण सेन्सर जुनाच काढून बसवलेला. टाकी फुटण्याआधी, पाहुणे येणार म्हणून साहेबांनी सगळ्या यंत्रांना हिरवा रंग फासून घेतला होता, तोही सेन्सरवर तसाच होता. बाईंना एका नजरेत सगळं कळलं.

त्यांनी कामगारांना जवळ बोलावून समजावलं. आत एक पातळ चकती असते. वाफेच्या दाबानं ती वाकते, आणि जितकी वाकेल तितका विजेचा संकेत बदलतो. काही सेन्सर निर्वात पोकळीपासून दाब मोजतात, काही दोन नळ्यांमधला फरक सांगतात. हा मात्र बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजणारा, म्हणून त्याला मागे बारीक भोक. ते असं रंगानं बुजलं तर आत अडकलेली हवा तापून चकतीला उलटी ढकलते, आणि आकडा कमी दिसतो.

बाईंनी रंग खरवडला नाही. आपला काटा त्याच नळीला जोडला, आकडा हद्दीला आला की टाकी बंद करा असं बजावून साहेबांना सेन्सरच्या आकड्यासमोर स्टुलावर बसवलं आणि टाकी तापवायला सांगितली.

"साहेब, काटा कधीच हद्दीपाशी आला. टाकी बंद का नाही केलीत? झोप लागली का?"

"जागाच आहे मी. हा आकडाच कमी दाखवतोय."

"आबाही हेच सांगत होते."

साहेबांचा चेहरा उतरला. बाईंच्या काळजाला थंडावा मिळाला, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. टाकी बंद करवून त्यांनी साहेबांपुढे कोरा कागद सरकवला. साहेबांनी कशीबशी दोन ओळींत चूक कबूल करून सही केली.

बाईंनी कागद परत केला. "पुन्हा लिहा, मोठ्या अक्षरांत. आबांना एकाच डोळ्यानं वाचावं लागतं."