सुंदरबाईची धास्ती

दिघोरीत सुंदरबाई कापगतेची काळजी सगळ्यांना ठाऊक होती. आभाळ भरून आलं की शेजारणीचे पापड शेजारणीच्या आधी तिला आठवायचे. देवाजीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तलावाखालच्या धानाच्या बांधीतून परतायला जरा उशीर झाला की ती आधी दारात, मग अंगणात आणि शेवटी रस्त्यावर येऊन उभी राहायची. "सुंदरबाईनं गावाची काळजी करून ठेवली हाये, आपण झोपा आता," असं शेजारची शकुनबाई म्हणायची आणि सगळ्यांबरोबर सुंदरबाईही हसायची. काळजी करावी, माणूस परत आलेला दिसला की ताटं वाढावीत, असं तिचं सरळ चाललं होतं.

बिघडलं ते पवनी गावातल्या लग्नापासून.

देवाजीच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, ऐन वैशाखात. सुंदरबाईचा एकुलता एक मुलगा चंद्रकुमार नागपूरला एका पार्सलच्या गोदामात कामाला होता. तो आणि त्याची बायको शुभांगी तिकडेच एका खोलीत भाड्याने राहायचे. लग्नाला दोघंही आली नाहीत. सुट्टी नाही मिळत, असं चंदूने फोनवर सांगितलं आणि तिने ते मानलं. पंगत बसली. देवाजीचा लांबचा मेहुणा बाबुलाल भाजीची बादली घेऊन वाढत होता. तोही नागपूरलाच असायचा. सुंदरबाईच्या पानापाशी येऊन त्याने वाकून विचारलं, "काय वहिनी, चंदूचं हाड जुळलं का मंग? आता हात वर होते का त्याचा?"

सुंदरबाईच्या हातातला घास हातातच राहिला. चार बायका ऐकत होत्या. आपल्या पोराचं हाड मोडलं आणि आईला पत्ता नाही, हे त्या बायकांना कळू द्यायचं नाही, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

"हव, जुळलं," ती म्हणाली आणि भाजीसाठी पान पुढे केलं. वाढलेलं सगळं तिने खाल्लं. काय खाल्लं, ते तिला नंतर आठवलं नाही.

परतीच्या जीपमध्ये देवाजी लग्नाचंच बोलत होता. कोण आलं, कोण रुसलं, बुंदी कशी होती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. घरी आल्यावर तिने बकऱ्यांना पाणी दाखवलं, हातपाय धुतले आणि विचारलं, "कोणतं हाड?"

देवाजी पायातली वहाण काढत होता. तो तसाच एका पायावर थांबला. मग खाटेवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. होळीच्या सुमाराला चंदू मोटारसायकलीवरून पडला होता. रस्त्यावरच्या गिट्टीवर चाक सरकलं. खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. बियाण्याचं पाहायला जातो असं सांगून देवाजी नागपूरला गेला होता तो तेव्हाच.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुले टेन्शन येते म्हणून. पोट्टाच म्हणे, मायले सांगू नोका."

"मी त्या दिवसात रोज बोलली त्याच्याशी. मागून कायचा तरी आवाज येऊन राहिला होता. मी विचारलं बी. तं म्हणे, टीव्हीचा हाये माय."

"आता बरा झाला ना तो. झालं गेलं."

देवाजीला वाटलं, रडेल आणि शांत होईल. ती रडली नाही. ती हिशेब लावत बसली होती. ज्या दिवशी पोरगा भूल देऊन टेबलावर पडला होता, त्या दिवशी आपण काय करत होतो? बहुतेक मिरच्या वाळू घालत होतो. पोटात काही हललंसुद्धा नाही. म्हणजे आपल्याला काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते सांगत नाहीत. मग 'सब ठीक हाये' या शब्दांचा अर्थ काय धरायचा?

त्यानंतर तिचे फोन वाढले. सकाळी चंदू निघायच्या आधी, पोचल्यावर, जेवणाच्या सुट्टीत. त्याने उचलला की ती विचारायची, "खरं सांग, बरा हायेस ना?" आणि तो बरा आहे म्हणाला की आवाजात काही लपवलंय का, ते शोधायची. व्हिडिओवर दोन्ही हात वर करून दाखवायला लावायची. पहिल्या दिवशी चंदू हसला. नंतर चिडू लागला. गोदामात फोन वापरायला बंदी होती, आत जाताना सगळ्यांचेच फोन काढून ठेवायचे. पण सुंदरबाईला वाटे, फोन बंद म्हणजे काहीतरी झालंय. मग ती शुभांगीला लावायची.

एकदा शुभांगीचा बांध फुटला. "आई, तुमचा फोन वाजला का माह्या पोटात धस्स होते. मले वाटते, यांनाच काई झालं आन् तुमाले माह्या आधी समजलं." आणि तिने फोन ठेवला. मग तिचा फोन चार दिवस आला नाही. सुंदरबाईला जेवण जाईना. देवाजी समोरून उठून गेला की तो काहीतरी लपवायला गेला, असं वाटायचं. त्याचा फोन वाजला की ती कान द्यायची. तोही मग फोन घेऊन आवाराबाहेर जाऊ लागला. बोलणं असायचं खताचं नाहीतर ट्रॅक्टरचं, पण तिच्यासमोर बोलायचीच त्याला धास्ती बसली होती. एका घरात दोन माणसं एकमेकांना चुकवून वावरत होती.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. चिखलात बायकांची रांग, पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या मागे फेकलेल्या. सुंदरबाईचा हात सगळ्यांत चलाख, तिची ओळ कधी वाकडी जायची नाही. त्या दिवशी मात्र ती सारखी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढत होती. पिशवीत गुंडाळलेला फोन काढायचा, लावायचा, बंद आहे ऐकायचं, परत चिखलात उतरायचं. एकदा उतरली आणि तिच्या बोटांना मुंग्या आल्या. छातीत धडधड सुरू झाली, ती थांबेना. श्वास घ्यायला गेली तर पुरेना. आपण मरतो आहोत, याबद्दल तिला काही शंका उरली नाही. "शकुन," एवढंच ती म्हणाली आणि पाण्यात बसली.

तालुक्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी, ईसीजी, काढली. हृदय चांगलं होतं. रक्त तपासलं, तेही बरं निघालं. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा झटका आहे, खरा त्रास आहे, पण याने माणूस मरत नाही. मनाच्या त्रासासाठी समुपदेशक ताई येतात, त्यांना भेटा.

"मी येडी नाई झाली," सुंदरबाई ताडकन म्हणाली.

"कोणी म्हणतलं तुले येडी?" शकुनबाई म्हणाली. "कंबर दुखली का तेल लावतेस ना? तसंच हाये समज."

गेली ती, देवाजीला घेऊन. ताई तरुण होती, चष्म्यातून सरळ बघायची. काळजी करू नका, असं ती म्हणाली नाही, आणि म्हणूनच सुंदरबाई बसून राहिली. ताईने विचारलं, "मुलाला फोन लागला, तो बरा आहे म्हणाला, की किती वेळ बरं वाटतं?"

सुंदरबाईने विचार केला. "ठेवेपर्यंत."

मग ताईने देवाजीला विचारलं, "तुम्ही लपवलंत तेव्हा यांचा त्रास वाचला का?"

देवाजी टोपी गुडघ्यावर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "माहा वाचला. हिचं तोंड पाहाची हिंमत नोती मले. पोट्टा तिकडे तसा पडला, आन् इकडे हिले धीर द्याचा, मले दोन्ही झेपलं नसतं."

सुंदरबाई त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत हा माणूस घाबरतो हे तिला कळलं नव्हतं.

ताईने दिलेला उपाय ऐकायला अगदी साधा होता. घरातली वाईट बातमी आता तिला सगळ्यांच्या बरोबरीने कळायची, कुणी काही झाकायचं नाही. आणि तिने फोन करायचा तो संध्याकाळी, चंदू कामावरून आल्यावर, एकदाच. मध्ये जीव घाबरला तर लगेच फोनकडे न धावता जरा कळ काढायची; लाट चढते तशी उतरतेही. श्वास सावकाश सोडायचा. जमेल तितकं चालायचं. मनात जे येतंय ते जवळच्या माणसाला बोलून दाखवायचं, आणि त्या माणसाने उगाच समजूत न घालता ऐकून घ्यायचं.

"श्वास तं मी जन्मल्यापासून घेऊन राहिली," घरी येताना ती पुटपुटली.

चंदूला आणि शुभांगीला देवाजीनेच सांगितलं. शुभांगीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आईले द्या." आणि सासू आल्यावर म्हणाली, "मी तेव्हा रागानं बोलली."

"खरं बोलली ना. तेच पायजे मले आता."

पहिले काही दिवस मोठे कठीण गेले. सकाळ सरली की तिचा हात आपोआप फोनकडे जायचा. ती उठून तलावाच्या पाळीवर, त्या उंच बंधाऱ्यावर, जायची. चालताना सगळी भयानक चित्रं डोळ्यांपुढे यायची: ट्रक, रक्त, अनोळखी माणसाने उचललेला चंदूचा फोन. कधी जमायचं. कधी ती अर्ध्या पाळीवरून पळत परत येऊन फोन लावायची आणि मग स्वतःवरच चरफडत बसायची. उन्हं उतरली की देवाजी तिच्याबरोबर पाळीवर येऊ लागला. ती सांगायची, "मले वाटून राहिलं तो पडला." पूर्वी तो म्हणाला असता, काही तरी बोलू नको. आता म्हणायचा, "अजून काय वाटते?" ती सांगत जायची. सांगता सांगता कधी तिचीच चित्रं तिला फार अती वाटायची, कधी वाटायची नाहीत.

धान पिवळं पडलं. कापणी तोंडावर आली असताना एका दुपारी फोन वाजला. शुभांगीचा, आणि ही तिची वेळ नव्हती.

"आई, आयका. चांगली गोष्ट नाई हाये, पण सगळी सांगून राहिली." शुभांगी सांगत गेली. तिला दिवस राहिले होते, तिसरा महिना लागला होता. चांगलं स्थिर झालं की सांगू, असं ठरवलं होतं. सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. डॉक्टरांनी पाहिलं, बाळाचे ठोके आहेत, पण सांगता येत नाही म्हणाले. पडून राहायचं. "माह्या मायले अजून नाई सांगतलं. तुमालेच पहिले लावला."

सुंदरबाईच्या बोटांना मुंग्या आल्या. छाती धडधडू लागली. ती भिंतीला पाठ टेकून खाली बसली, श्वास सोडला, परत सोडला. तिच्या तोंडावर शंभर प्रश्न आले होते. तिने एकच विचारला.

"मी येऊ का? तुले काय पायजे ते सांग."

पलीकडे शुभांगी रडायला लागली. "या."

बसमध्ये सगळ्या रस्ताभर ती पदराचं टोक पिळत होती. देवाजीने तिला पोचवलं आणि कापणीसाठी परत फिरला. खोली लहान होती, एकच खिडकी. सुंदरबाई स्वयंपाक करायची, सुनेचं डोकं चोळून द्यायची. शुभांगी न्हाणीतून यायची तेव्हा दोघींचे डोळे भेटायचे आणि कुणी विचारायच्या आधी शुभांगी खरं तेच सांगायची: आज थोडं आहे. आज नाही. आज पुन्हा आहे. एकदा शुभांगी म्हणाली, "सगळं ठीक होईल ना, आई?" हो म्हणायला सुंदरबाईची जीभ वळली होती.

"मले नाई माहीत, बाई," ती म्हणाली. "मले बी तितकंच भेव लागून राहिलं. पण मी इथंच हायो."

शुभांगीने तिचा हात धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

मधल्या काळात गावाहून देवाजीचा फोन यायचा. एकदा भरदुपारी आला. "काई नाई, उगाच लावला," तो म्हणाला.

"उगाच कोणी लावत नाई. बोला."

तो म्हणाला, घास उतरत नाही, बांधीत उभा असलो तरी ध्यान तिकडेच असतं. सुंदरबाईने ऐकून घेतलं. त्याला धीर दिला नाही, टोकलंही नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "सांजचे शकुनकडे जाऊन जेवा. आन् उद्या बी लावजा."

रक्त जाणं हळूहळू थांबलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी, आता धोका कमी आहे, म्हटलं. धोका गेला, असं ते म्हणाले नाहीत, आणि चौघांनीही तो शब्द स्वतःहून जोडला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी शुभांगीला मुलगी झाली, जरा लवकर, वजनाने कमी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. त्या दिवसांत सुंदरबाईला एकदा पुन्हा झटका आला, दवाखान्याच्या जिन्यातच. ती पायरीवर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट देत, तो जाईपर्यंत बसून राहिली.

आता नात नागपूरला चंदूच्या खोलीवर आहे आणि सुंदरबाई दिघोरीत परतली आहे. सुंदरबाईची काळजी काही गेलेली नाही, ती ताईकडे अधूनमधून अजून जाते. परवा बाळाला ताप आला तेव्हा चंदूने कामावर जायच्या आधीच फोन केला. "माय, पोरीले ताप हाये. औषध दिलं. दुपारी शुभांगी सांगन."

सुंदरबाईने फोन ठेवला. दुपार व्हायला अजून बराच अवकाश होता. तिने देवाजीला हाक मारली, चप्पल घातली आणि दोघं पाळीकडे निघाली.