व्याह्यांच्या घरच्या दोन फोडी

पिकल्या आंब्याचा वास आला की मला एरंडोलला लेकीच्या सासरी झालेलं जेवण आठवतं. सगळ्यांना वाट्या भरभरून रस वाढला आणि माझ्या ताटात आंब्याच्या दोनच फोडी. हा मुद्दाम केलेला पाणउतारा वाटून मी व्याह्यांवर तडकलो, “भाऊ, आंबे कमी पडले तर सांगायचं, चार पेट्या पाठवल्या असत्या.” ते शांतपणे म्हणाले, “आबा, तुमच्या शुगरला रस नको, दोन फोडी चालतील, असं डॉक्टरच म्हणाले ना?” शुगरचं तर मी घरातही कुणाला बोललो नव्हतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात कुलपात होती. समोर बायको मान खाली घालून रस ओरपत होती. हल्ली कपाटाची किल्ली मी करदोट्याला बांधतो, तरी घरीही मला मोजून दोनच फोडी मिळतात.