धसईची लाइन बंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिच्यापासून खिशातली तंबाखूची पुडीही लपत नाही.

पण आधी थोडी फुशारकी ऐकून घ्या. मी वीज खात्यात, मुरबाडकडच्या एका सबस्टेशनला ऑपरेटर. आमच्या वायरमन लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला. पूर्वी ज्याला जे येई ते त्याच्यापाशीच राही. जुना माणूस रिटायर झाला की त्याची अक्कलही त्याच्याबरोबर घरी जाई. आता कुणी जळालेल्या जोडाचा फोटो टाकतो, कुणी खांबावरून उतरल्या उतरल्या बोलून पाठवतो. आणि आमचा एक रिवाज आहे – चूक ज्याची, त्याने ती स्वतःच्या आवाजात ग्रुपवर सांगायची. कुणी हसायचं नाही. शहापूरवाल्यांनी आमचं बघून तसाच ग्रुप काढला. मला अभिमान आहे. का नसावा?

रिवाज माझाच. आणि तो मोडणाराही – थांबा, सांगतो.

आणखी एक पायंडा मी पाडला होता. लाइन बंद केली की मी तसं ग्रुपवर टाकायचं, आणि खांबाखालच्या माणसाने ते वाचून चढायचं. परवानगीचा कागद मागाहून. माझा मेसेज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणायचे. मला ते फार आवडायचं. इतकं, की कधीकधी मी मेसेज आधी टाकायचो आणि मग स्विचकडे वळायचो. स्विच हाताशीच तर होता – काय बिघडणार होतं?

म्हसा गावची जत्रा चालू होती. बाळा वायरमन – आम्ही दोघे बरोबरच नोकरीला लागलो – धसईच्या लाइनवर, खांबाखाली उभा. मी टाकलं: धसईची लाइन बंद. तेवढ्यात जत्रेतून फोन आला, पाळण्यांची वीज गेली म्हणून. मी बोलत राहिलो, स्विच तसाच चालू. मग धाडकन आवाज होऊन धसईची लाइन आपोआप बंद पडली, आणि ती का पडली ते मला त्याच क्षणी कळलं.

आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग – मग मेसेज उडवला आणि तोच पुन्हा टाकला. म्हणजे वेळ बघितली तर आता अपघात आधी, मेसेज नंतर. उडवल्याची खूण राहिली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, त्यात चुकून दुसऱ्या लाइनचं नाव पडलं होतं.

बाळा वाचला. उजव्या हाताची बोटं गेली. दवाखान्यात त्याच्यासमोर मोबाइल धरला तो मीच. मेसेज वाचल्यासारखं आठवतंय, म्हणाला. मेसेजची वेळ दोनदा वाचली, मग स्वतःच मान डोलावली. घरी आल्यावर रिवाजाप्रमाणे त्याने ग्रुपवर बोलून पाठवलं, "मेसेज यायच्या आधीच मी चढलो. चूक माजी. तुमी कोनी असं करू नका."

चढल्यावर त्याने तपासायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. माझ्या शब्दावर विसंबायला त्याला मीच शिकवलं होतं.

आता मी स्विच खाली केल्याशिवाय मोबाइलला हात लावत नाही. नवा माणूस लागला की पहिल्याच दिवशी त्याला बाळाचा तो आवाज ऐकवतो. तेव्हापासून आमच्याकडे असा अपघात झालेला नाही, आणि याचाही मला अभिमान वाटतो – वाटतो म्हणजे वाटतो.

बाळा आता ऑफिसात बसून तक्रारी घेतो. परवा चहा पिताना म्हणाला, "भाऊ, बोटं गेली त्याचं काय नाय. पन माज्या चुकीवर सगळी शिकली, ह्याचं लय बरं वाटतं रे."

त्याचा चेहरा फुलला होता. मी हो म्हणालो.

मेसेज आधीच आला होता, बाळा. तू वाचूनच चढलास.